काचेच्या पेटीतल्या विहिरी

मी एक जुनी काचेची पेटी आहे. मित्रांनो, माझ्यात मासे कधीच नव्हते. माझ्यात जमीन होती.

जळगावच्या एका कॉलेजात शालिग्राम सर पर्यावरण शिकवत. एक्क्याण्णव साली त्यांनी मला करून घेतलं. चुडामण मिस्त्रींनी काचा जोडून कडांच्या फटींत लांबीचा लगदा भरला. सरांनी तळाशी चिकणमाती, तिच्यावर तापीची वाळू आणि सर्वांत वर काळी माती अंथरली. मग सलाइनच्या पारदर्शक नळ्यांचे तुकडे काचेलगत उभे खोचले. आखूड नळ्या म्हणजे विहिरी, लांब नळ्या म्हणजे बोअर. पाण्यात नीळ कालवली, म्हणजे ते दुरूनही दिसावं.

विषय नवा होता. मुलं तो हसण्यावारी नेत. सर एकेकाला एक नळी नेमून देत, हातात बिनसुईची सिरिंज ठेवत आणि म्हणत, “केळी निसवली आहे, घड बाहेर पडलेत, ऊन तापलंय. ओढा पाणी!”

मुलं ओढत. लांब नळीला पाणी येत राही, आखूड नळ्या कोरड्या पडत. कुणीतरी ओरडे, “सर, याचं पाणी मी चोरलं!”

“चोरलं कसं? नळी तुझी, जागा तुझी. कायद्यानं तू चुकला नाहीस. मग शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघवत का नाही?”

एवढं विचारून सर हात वर करून गलका थांबवत. कॉलेजमागच्या मारुतीच्या देवळातलं कीर्तन मला खिडकीतून ऐकू येई. तिथले बुवाही पूर्वरंगात प्रश्न मांडून टाळकऱ्यांना असेच हातानं थांबवत. ती शांतता मला फार गोड वाटे. पण धास्तीही वाटे. उत्तर कुणालाच नको असलं तर?

एकदा हसण्याच्या त्या गलक्यात असोद्याची पुष्पा रडू लागली. सरांनी तिला बाहेर नेलं नाही, माझ्याजवळच बसवलं.

“सर, आमच्या आबांनी बोअरची जागा शोधायला पाणाड्या आणला होता. तळहातावर नारळ ठेवून तो वावरभर फिरला. नारळ उभा राहिला तो बांधालगत, अगदी शेजारच्या भिकुअक्कांच्या विहिरीजवळ. अक्का एकट्या आहेत. प्यायला आणि पिकाला त्यांची तेवढीच विहीर. परवा बोअरची गाडी येतेय.”

“आबांशी बोललीस?”

“ते म्हणतात, चार बुकं शिकली न् बापाले शिकवते. सर, गावात सप्ताह बसलाय. कीर्तनाआधी ही पेटी देवळात मांडू या? सगळ्यांसमोर त्यांना ऐकावंच लागेल.”

“ऐकावं लागेल, की मान खाली घालावी लागेल?”

 दुसऱ्या दिवशी पुष्पा आली आणि म्हणाली, “देवळात नको. वावरात नेऊ. आबा आणि अक्का, दोघंच.”

एसटीत सरांच्या मांडीवर बसून मी असोद्याला गेले. खडखडाटात माझी एक कड चिरली. पुष्पानं चिरेवर साबण दाबून बसवला आणि अक्कांच्या विहिरीचं पाणी नीळ कालवून माझ्यात ओतलं. ‘विठ्ठला, एवढा वेळ माझी काच सांभाळ,’ मी मनात म्हणत होते.

अभिमनआबा आले. “काय व, खेळनं आनलं का?”

“आबा, ही लांब नळी तुमची. ही आखूड अक्कांची. ओढा.”

आबांनी ओढलं. सिरिंज निळी भरली. “पाह्य, कसं लागलं पानी!” खुशीत त्यांनी पुन्हा ओढलं, पुन्हा ओढलं. आखूड नळी रिकामी झाली.

भिकुअक्का वाकून बघत होत्या. “अभिमनभाऊ, तुमचा नारय काही खोटा नही. तो माह्याच पान्याकडे पाहून उभा राह्यला!”

आबा चिडले. “काच आहे ते! जमीन कोनं आतून पाह्यली?”

“कुणीच नाही,” सर म्हणाले. “खाली असंच असेल, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण अक्कांची विहीर आटल्यावर कळलं, तर तोवर तुमचा बोअर झालेला असेल.”

चिरेतला साबण विरघळत होता. मला वाटलं, यांचं ठरण्याआधी मीच रिती होणार. आबांनी सिरिंज पुष्पाच्या हातात दिली आणि निघून गेले. सर शेवटच्या एसटीनं परतले; मी रात्रभर अक्कांच्या विहिरीच्या ओट्यावरच राहिले.

सकाळी गाडी आली. आबा तिच्यासमोर उभे राहिले. “नही करनं. औंदा केयी निम्मीच लावू.”

मी सुटकेचा श्वास टाकणार, तोच अक्कांच्या पलीकडच्या बांधावरून नथ्थूची हाक आली. “आबाले नको त इकडे आना गाडी!”

गाडी वळली. आबांनी मला ओट्यावरून उचललं आणि तिच्याआधी नथ्थूच्या बांधावर नेऊन ठेवलं. पुष्पा बादली घेऊन मागोमाग धावली आणि चिरेवर साबण दाबून तिनं मला पुन्हा भरलं.

“तुमी थांबले म्हनून मी थांबू?” नथ्थूनं टोमणा मारला.

“थांबू नको. आधी ओढून पाह्य.”

नथ्थूनं हसत लांब नळीतून ओढलं. अक्कांची आखूड नळी रिकामी झाली, मग आबांच्या विहिरीचीही झाली. त्याचं हसू मावळलं. “जाऊ द्या गाडी,” तो हळूच म्हणाला.

गाडी गेली. पण ती जळगावच्या रस्त्याला लागली नाही, पुढच्या गावाकडे वळली. आबांनी मला पुन्हा उचलून घेतलं; माझ्यातलं पाणी त्यांच्या धोतरावर ठिबकत होतं, आणि ते गाडीनं उडवलेल्या धुळीकडे बघत उभे होते.

पुढे सर निवृत्त झाले. विषय राहिला, पण मुलं आता त्याची उत्तरं पाठ करतात. मी कपाटावर धूळ खात बसले आहे. माझ्यातली वाळू केव्हाच सुकली.

मित्रांनो, बोअरची गाडी आजही कुठल्या तरी बांधावर उभी असेल, आणि पलीकडे कुणी भिकुअक्का पाणी शेंदत असेल. मला पाय नाहीत. तुम्ही मला खाली काढा, माझ्यात पाणी घाला आणि तिकडे घेऊन चला.