फुगवट्यातली बाभूळ

करडी गावच्या भैय्यालालनं तीस वर्षं मुंबईच्या गोदीत सुतारकाम केलं आणि निवृत्त होताना तिथल्याच भंगारातून शिडाची एक नाव उचलून आणली. अठरा फुटांची, पुढं दोन माणसांपुरती खोली, खाली चाकांचा ट्रेलर. धानाच्या गावात नाव आली म्हणून लोक हसले. पण भंडाऱ्याजवळ धरणाच्या फुगवट्यानं वैनगंगा पसरून समुद्रासारखी झाली होती, आणि ट्रेलर जीपला जोडला की तासाभरात माणूस पाण्यावर.

चार वर्षं त्यानं तिला लेकरासारखं जपलं. बुडाच्या भेगा बुजवल्या, शीड शिवलं. दर खेपेला ट्रेलरची चाकं पाण्यात बुडत, म्हणून घरी येताच ती खोलून ग्रीस भरायची. एवढी काळजी घेणारा माणूस त्या एप्रिलच्या सकाळी चुकला.

काठावर डोलकाठी उभी करताना त्याच्या बोटाला काहीतरी टोचलं. काठीला उजवीकडून ताणून धरणाऱ्या तारेचे दोन पदर तुटले होते. नवी तार मुंबईहून मागवायला आठ दिवस लागले असते. त्याची बायको शकुनबाई डब्याची पिशवी घेऊन नावेत बसलीसुद्धा होती. पलीकडच्या काठावर तिची बहीण सुशीलाबाई वाट पाहत होती. कमरेचं हाड मोडल्यापासून ती घराबाहेर पडत नव्हती, पण आज बहिणीसाठी पाण्यापर्यंत येणार होती.

"काहून थांबले जी?" शकुनबाईनं विचारलं.

"काई नाई," भैय्यालाल म्हणाला. त्यानं तुटलेल्या पदरांवर चिकटपट्टी गुंडाळली. वारा तर झुळकेएवढा होता.

अर्धं पाणी ओलांडेपर्यंत सगळं छान चाललं. उन्हानं जीव कासावीस झाला म्हणून शकुनबाईनं तरंगत्या जाकिटाचे पट्टे सैल केले. भैय्यालालनं पाहिलं आणि पट्टे आवळ म्हणायचं ठरवेपर्यंत पश्चिमेकडून धुळीचा भिंतीएवढा लोट उठला. पाणी काळं पडलं. नाव डावीकडं कलली.

"इकडं, उंच बाजूले बस!" तो ओरडला. तिनं ऐकलं, उजव्या कडेवर बसून मागं रेलली. त्यानं शीड सैल सोडायला हात घातला तोच तार बंदुकीसारखी वाजली. काठी, शीड, दोर, सगळं डाव्या बाजूला पाण्यात कोसळलं आणि कललेली नाव झटक्यानं उजवीकडं उलटी झुकली. शकुनबाई पाठीवर पाण्यात पडली. ओरडलीसुद्धा नाही.

तो वल्हं घेऊन उठला. पण पाण्यात लोंबणाऱ्या शिडामुळं नाव वळेना, आणि वारा तिला शकुनबाईपासून दूर ओढत नेत होता. दहा हात. वीस हात. त्यानं नांगर टाकला. नाव थबकली. मागं वळून पाहिलं तर जाकीट तिच्या तोंडापर्यंत वर सरकलेलं, आणि दोन हात पाणी चापटत होते.

नाव सोडायची नाही, हे गोदीत पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणून त्यानं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक नावेला, आणि उडी घेतली. पासष्ट वर्षांचं अंग लाटांत जड झालं. चार हात उरले असताना कमरेला हिसका बसला. दोर संपला होता.

"शकुन, इकडं हात मार! माह्याकडं पाह!"

ती त्याच्याकडं पाहत नव्हती. तिचं डोकं खाली गेलं. भैय्यालालनं गाठ सोडली.

तिचा पदर हाती लागला, मग केस, मग काख. त्यानं जाकीट खाली ओढून पट्टे करकचून बांधले. ती खोकली, ओकली, श्वास घेऊ लागली. तेव्हा त्यानं नावेकडं पाहिलं. गाळात रुतलेला नांगर सुटला होता आणि नाव निघून चालली होती.

वाऱ्यानं त्यांना बुडालेल्या बाभळींकडं ढकललं. उन्हाळ्यानं पाणी उतरलं होतं, म्हणून वाळलेले शेंडे वर डोकावत होते. त्यातल्या एकाला दोघांनी मिठी मारली. काटे तळहातात शिरले. किती वेळ गेला कळेना. 

"तार तुटलेली हाये हे मले सकाळीच दिसलं होतं," तो म्हणाला. मरायच्या आधी हे सांगायलाच हवं असं त्याला वाटलं.

तिनं डोळे उघडले. "अन् तुमी मले बसवलं?"

 त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

त्यांना काढलं बाबुलाल ढीवरानं. वारा पडल्यावर तो डोंगा घेऊन जाळी पाहायला निघाला होता. आधी त्याला रिकामी नाव दिसली, म्हणून त्यानं माणसं शोधली. शकुनबाईच्या छातीत पाणी झालं होतं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात ती नऊ दिवस होती. भैय्यालाल बाकावर बसून राहायचा. ती रश्मीशी, म्हणजे लेकीशी बोले, डॉक्टरांशी बोले, भिंतीकडं तोंड करून झोपे. चौथ्या दिवशी त्याला वाटलं, ती वाचेल, पण आपली राहणार नाही.

दहाव्या दिवशी घरी जायला रिक्षात बसल्यावर ती रस्त्याकडं पाहत म्हणाली, "तुमी पडले असते तं?"

"काय?"

"मी नाई, तुमी पडले असते तं मी काय केलं असतं? चार वर्ष तुमी मले नुसतं बसवून फिरवलं. सुकाणू कसं धरावं ते बी मायीत नाई मले. तुमाले बुडताना पाहत बसली असती."

भैय्यालालनं मुठी उघडून पाहिल्या. तळहातावरचे काटे निघाले होते, जखमा नव्हत्या भरल्या.

बाबुलालनं काठाला लावून ठेवलेली नाव घरी आणून त्यानं साऱ्या तारा बदलल्या. शकुनबाई मदतीला आली नाही. अंगणातून जाताना नावेकडं पाठ करायची. पावसाळा गेला, धान कापून झालं. मग कार्तिकातल्या एका सकाळी तो एकटाच जीपला ट्रेलर जोडत असताना ती चपला घालून बाहेर आली आणि पुढच्या सीटवर बसली.

"आज शीड नोको," ती म्हणाली. "काठापाशी वल्ह्यानं चालवा. सुकाणू माह्या हाती द्या."

तो हो म्हणाला. वाटेत तिचे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले होते, आणि पाणी दिसू लागल्यावर तिनं सीटची कड पकडली. त्यानं गाडी थांबवू का विचारलं. ती नाही म्हणाली.