धाकटीच्या पेशी

प्रयोगशाळेतल्या उबदार कपाटातून पेशींची बशी काढून थोरलीनं ती मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि खुर्ची बहिणीकडे वळवली.

"बस. टेबलाला धक्का लावू नकोस."

"माझंच अंग, आणि मलाच हात लावायची चोरी," म्हणत धाकटी बसली.

तिच्या दंडावरच्या कातडीच्या कणापासून थोरलीनं या पेशी वाढवल्या होत्या, त्यांना टप्प्याटप्प्यानं इन्सुलिन बनवायच्या वळणावर आणलं होतं. धाकटीच्या शरीरातल्या तशा पेशी ती शाळेत असतानाच संपल्या होत्या. काल मोजणीत भरपूर इन्सुलिन आढळलं, तेव्हा यंत्रापासून हलायच्या आधीच थोरलीनं घरी फोन लावला होता.

"हे घोसासारखं दिसतंय ते?"

"हं."

"गुणाच्या गं पोरी! माझ्या पोटात जमलं नाही ते तुझ्या कपाटात जमलं. आई सकाळपासून गुणगुणतेय. स्वयंपाकघरात, गाणं! मी दचकलेच."

थोरलीनं हातमोजा काढला आणि पुन्हा घातला.

"ऐक. ते इन्सुलिन या पेशींचं नव्हतं."

धाकटीनं भिंगाला लावलेला डोळा हलवला नाही.

"त्या ज्या द्रवात वाढतात, त्यात आम्हीच इन्सुलिन घालतो. मोजण्याआधी ते नीट धुऊन काढायचं असतं. धुताना पेशींचे हे घोस फुटतात. तुझ्या होत्या म्हणून माझा हात आखडला, वरवर धुतल्या. पेशीनं स्वतः इन्सुलिन बनवलं की सोबत आणखी एक तुकडा सुटतो. तो आज सकाळी शोधला. नाहीच."

"म्हणजे तुम्ही घातलेलंच तुम्ही मोजलंत."

"हो."

शेजारच्या खोलीत कुणीतरी मोठ्यानं हसलं. दार लागल्याचा आवाज आला.

"अगदी माझ्यावर गेल्यात," धाकटी म्हणाली. "बाहेरून दिल्याशिवाय भागायचं नाही."

"चेष्टा नको करूस."

"मला कालच शंका आली होती. माझं साखर मोजायचं मशीन भलताच आकडा दाखवतं, तेव्हा मी आधी हात धुते. बोटाला काहीतरी गोड लागलेलं असतं."



"मग बोलली का नाहीस?"

"तू फोनवर रडत होतीस, ताई. मला पहिली सुई टोचली ना, त्या दिवसानंतर तुला रडताना मी ऐकलंच नव्हतं. आणि काल तर आनंदानं. तुझं मन मोडवेना."

थोरली पुढे झाली. बहिणीच्या खांद्यावरून हात नेऊन ती मायक्रोस्कोपची चकती फिरवू लागली. चित्र आधीच स्पष्ट होतं. तरी ती फिरवत राहिली.

"ताई, आता काहीच दिसत नाहीये," धाकटी हळूच म्हणाली. पण डोळा तिनंही काढला नाही.