लाल दांडकं

"वहिनी, जमेल ना उभं राहायला आज?" मुकादमानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लाल दांडकं तिच्या हातात ठेवलं. नाही जमत म्हणून सांगायचं कुणाला? घाटाच्या खालच्या टोकाला तिच्याशिवाय माणूस नव्हता आणि वरच्या टोकाला कालच नवा आणून उभा केला होता. वरचा आधीचा माणूस म्हणजे तिचा नवरा. तो पोलीस चौकीत होता.

बंदरापासून आतल्या बाजारपेठांपर्यंत जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग. नाव भारदस्त, पण घाटात दरड कोसळून त्याची एक बाजू दरीत गेली, तेव्हापासून उरलेल्या अर्ध्या पट्टीवरच सगळी ये-जा चालली होती. मासळी वर जायची, सिमेंट खाली यायचं आणि दोन्हीकडचे ड्रायव्हर सरकारच्या नावानं शंख करायचे. दोन टोकांच्या मध्ये आंधळं वळण, आणि तिथं फोन लागायचा नाही. म्हणून हे दांडकं. खालून सोडलेल्या रांगेत जी गाडी शेवटची, तिच्या ड्रायव्हरच्या हाती ते द्यायचं. ते वर पोचलं की वरच्यानं समजायचं, रस्ता मोकळा आहे, आता आपली रांग सोडायची. मग वरच्या शेवटच्या गाडीबरोबर तेच दांडकं खाली.

नवराबायकोचा दिवसभराचा संसारही त्या दांडक्यावरूनच चालायचा. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. दुपारी ती त्याच्या डब्याची पिशवी दांडक्याला सुतळीनं बांधून पाठवायची आणि रिकामा डबा त्याच वाटेनं परत यायचा. "वहिनी, वास भारी सुटलाय, डबा पोचेल याची हमी नाही हां," असं ड्रायव्हर चिडवायचे. पण डबा कधी चुकला नाही.

चूक झाली ती दुचाकीच्या बाबतीत. दुचाकीला गाडी म्हणून कुणी मोजतच नसे. दांडकं पुढे गेलेलं असलं तरी स्कूटरवाल्याला "जा कडेनं" म्हणायचं, असं दोन्ही टोकांना चाललेलं होतं आणि मुकादमही काणाडोळा करायचा. परवा सकाळी सिस्टर आल्या. बंदराच्या दवाखान्यातली रात्रपाळी करून त्या रोज वर घरी जायच्या, जाता जाता तिच्या नवऱ्याच्या खोकल्यासाठी गोळ्या द्यायच्या. डोळे तारवटलेले होते. दांडकं घेऊन मासळीचा टेम्पो वळणाआड जाऊन बराच वेळ झाला होता.

"जा सिस्टर, कडेनं," ती म्हणाली. "घरी जाऊन झोपा जरा."

जुनी स्कूटर चढावर धापा टाकत गेली. वर टेम्पोवाल्यानं दांडकं दिलं, नवऱ्यानं टँकर सोडला. वळणावर टँकरला थांबायला जागा नव्हती आणि सिस्टरना सरकायला.

ती धावत वर गेली तेव्हा पोलिसांची जीप आलेली होती. नवरा हवालदाराला सांगत होता, "माझीच चूक, साहेब. दांडकं यायच्या आधीच मी टँकर सोडला." खरं सांगणारा टेम्पोवाला बर्फ वितळायच्या आत बाजार गाठायला केव्हाच निघून गेला होता. तिनं तोंड उघडलं, तसा नवरा हळूच म्हणाला, "गप्प राहा. पोरगी तुझ्याशिवाय एक रात्र राहत नाही. मी जातो." आणि खोकत खोकत जीपमध्ये चढला. तिनं गप्प राहून दाखवलं. त्या गप्प राहण्याची तिला शिसारी आली होती.

आज रांग जवळजवळ सुटली तेव्हा मागून एक मोटारसायकल आली. तिनं हात आडवा केला. "थांबा दादा. आता दुचाकीसुद्धा रांगेतच."

माणूस थांबला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. "मी सिस्टरचा नवरा," तो म्हणाला. "ती जिथं गेली ती जागा बघायची आहे. तुम्हीच इथं असता ना? काही बोलली का ती?"

"माझ्या नवऱ्यासाठी गोळ्या दिल्या," ती कशीबशी म्हणाली.

"सगळ्यांना औषधं वाटत फिरायची. आणि वर तो बसलेला! हातात दांडकं यायची दोन मिनिटं वाट बघवली नाही त्याला. सडू दे कोठडीत."

पुढची गाडी वळणाआड गेली. आता शेवटची गाडी हीच. तिनं दांडकं त्याच्यापुढे धरलं.

"मला कशाला हे?"

"शेवटच्याकडे द्यायचं असतं. हे पोचलं की रस्ता मोकळा समजतात."

त्यानं दांडकं हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "त्या दिवशी हे कुणाकडे होतं?"

सांगितलं असतं, आठवत नाही, तर तो निघून गेला असता.

"पुढच्या टेम्पोकडे," ती म्हणाली. "सिस्टर त्याच्या मागनं गेल्या. मी सोडलं त्यांना. माझ्या नवऱ्याची काही चूक नाही, दादा. तो माझ्यासाठी खोटं बोलला."

तो तिच्याकडे बघत राहिला. मारेल असं तिला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यानं दांडकं हँडलला आडवं धरलं, गाडीला किक मारली आणि चढाला लागला.

आता दांडकं वर पोचेपर्यंत कुणीच हलणार नव्हतं. त्यानं ते दरीत भिरकावलं असतं तरी त्याला बोलायचं तोंड तिला नव्हतं. मागं नवी रांग लागली. हॉर्न वाजायला लागले. "ओ बाई, झोपलात का?" कुणीतरी ओरडलं. ती वळणाकडे डोळे लावून उभी राहिली.

बऱ्याच वेळानं वळणावर पहिला ट्रक दिसला. त्यामागून दुसरा. शेवटच्या सिमेंटच्या ट्रकवाल्यानं खिडकीतून दांडकं तिच्या हातात दिलं.

तिनं मुकादमाला हाक मारली. "भाऊ, माझ्या जागी दुसरं माणूस बघा. मला चौकीत जायचंय."

"डबा द्यायला?"

"नाही. त्याला घरी पाठवायला."

दांडक्याला सुतळी तशीच होती. तिनं गाठ सोडली, सुतळी मुठीत घेतली आणि दांडकं मुकादमाच्या हाती दिलं.