टाळीवर लागणारा दिवा

सौसरला आमच्या घरी मी टाळी वाजवली की दिवा लागतो. दुसरी वाजवली की विझतो. हे सर्किट मी स्वतः बनवलं आहे आणि ते बघायला घरात मीच आहे. म्हणजे टाळ्या वाजवणारा मी आणि ज्याच्यासाठी वाजवायच्या तोही मीच, असा सगळा घरगुती कारभार आहे.

शेजारच्या कमलमावशींना भिंतीपलीकडून नुसत्या टाळ्या ऐकू येतात. एकदा त्यांनी अंगणातून विचारलंच.

"काहून रे रोशन, रोज संध्याकाळी कोणाचा सत्कार करून राहिला?"

"माझाच, मावशी."

"बरं हाय बाप्पा. हार तरी आणत जा."

आई ताईच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेली, ती दीड महिन्यासाठी. ते बाळ आता शाळेत जातं आणि फोनवर विचारतं, "मामा, तू कोण आहे?" मी म्हणतो, मामा. ते म्हणतं, बरं. मग आई म्हणते, जेवला का. मी म्हणतो, हो. एवढ्यावर आमचा आठवडा निघतो.

नोकरी म्हणाल तर मी नगरपालिकेत पाण्याच्या लाईनचे वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, खोलतो. सकाळी सगळा वॉर्ड माझ्या हातावर अवलंबून असतो, पण लोकांना फक्त हात माहीत आहे. नाव कोणी घेत नाही. मला लोक एकच प्रश्न विचारतात, "आज नळ येते का?" येते म्हटलं की बोलणं संपलं. येत नाही म्हटलं तर जरा जास्त वेळ बोलतात, पण ते बोलणं ऐकण्यासारखं नसतं.

तर मोबाईलवर व्हिडिओ बघून मी हे टाळीचं सर्किट जोडलं. एक बारीक माइक, दोन-चार ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, एक नऊ व्होल्टची बॅटरी. सगळं एका भोकाभोकांच्या पाटीवर, ज्यात तारांचे पाय खोचले की झालं, डाग द्यायची गरज नाही. व्हिडिओतल्या माणसाचा दिवा पहिल्या टाळीत लागला. माझा लागेना. मी इतक्या टाळ्या वाजवल्या की कमलमावशींना वाटलं असेल, सत्कारमूर्ती मोठी आहे.

मग मी फोटो काढला आणि 'इलेक्ट्रॉनिक्स प्रेमी' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न टाकला. एकाने गुलाबाचं फूल पाठवून शुभ सकाळ म्हटलं. एकाने विचारलं, बॅटरी लावली का. एकाने त्याच्या दुकानातला इन्व्हर्टर घ्यायला सांगितलं. शेवटी एक आवाज आला, रेकॉर्ड केलेला, मागे कोंबडा ओरडत होता.

"फोटोत काही दिसून नाही राहिलं. पांढुर्ण्याले घेऊन ये. भगवंतराव, टेलिफोन एक्सचेंज, रिटायर."

त्या रविवारी मी सर्किट स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि बसमध्ये बसलो. कंडक्टर कुलदीपने डब्याकडे पाहिलं.

"काय हाय त्यात?"

"डबा आहे."

"डब्यातून तारा निघून राहिल्या ना बे."

"मॅगी."

त्याने थोडा वेळ विचार केला आणि तिकीट फाडलं. तेव्हापासून तो मला मॅगी म्हणतो. नळवाल्यापेक्षा बरं.

भगवंतरावांचं घर जाम नदीच्या काठाला, सावरगावच्या पुलाजवळ. नदीकडच्या खिडकीला लोखंडी जाळी आहे, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते, दोन्ही काठांवरची गावं एकमेकांना दगड मारतात. बाकी वर्षभर त्या खिडकीतून काहीच येत नाही. खिडकीखाली एक टेबल, टेबलावर जुने टेलिफोन उघडे पडलेले, आणि टेबलामागे काका, इस्त्रीच्या शर्टात, जणू एक्सचेंजला सुट्टी नसतेच.

मी डबा उघडायला गेलो. त्यांनी हात वर केला.

"पहिले शिकायत बोल."

"काय?"

"शिकायत. कंप्लेंट. त्याच्याशिवाय मी हात नाही लावत. एक्सचेंजमध्ये असाच नियम होता. काय होते, काय नाही होत, कवापासून."

मी उभं राहून सांगितलं, टाळी वाजवतो, दिवा लागत नाही, कालपासून. त्यांनी डबा ओढला, पाटी हातभर लांब धरली आणि म्हणाले, "माइक उलटा लावला, पोट्ट्या." पाय फिरवले. टाळी वाजवली. दिवा लागला.

"लाईन क्लिअर," ते म्हणाले.

हे सगळं चहाचं पाणी उकळायच्या आत झालं. मग काकूंनी, म्हणजे अंबाबाईंनी, चहा आणला आणि उरलेली दुपार आम्ही दोघं बोललो. खरं म्हणजे ते बोलले. कोणत्या गावची लाईन कोणत्या झाडाला अडकायची, कोणता साहेब रात्रंदिवस राँग नंबरवर भांडायचा, बगीच्यातला संत्रा यंदा का पडला. निघताना काकूंनी पिशवीत संत्री टाकली. मी बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसलो होतो आणि माझ्या लक्षात आलं की आज दिवसभर मला कोणीच नळाबद्दल विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात खरंच एक तार ढिली झाली. देवाची कृपा. मी पुन्हा गेलो.

त्याच्या पुढच्या आठवड्यात मात्र संकट आलं. सर्किट चालत होतं. सोमवारी चाललं, मंगळवारी चाललं, शनिवारी तर दार आपटलं तरी दिवा लागायला लागला, इतकं तंदुरुस्त. मी पाटीसमोर बसून वाट पाहिली. काही बिघडेना. या देशात रस्ते बिघडतात, नळ बिघडतात, माणसं बिघडतात, आणि माझ्या घरचा दिवा काही बिघडेना.

मग मी त्याचा कंडेन्सर उलटा लावला.

त्यानंतर दर शनिवारी मी काहीतरी बिघडवत गेलो. कधी संपलेली बॅटरी. कधी एक पाय शेजारच्या भोकात. एकदा तर मी एका वायरची आतली तार ब्लेडने कापली आणि वरचं रबर तसंच ठेवलं. त्या कामात मी जितकं डोकं चालवलं तितकं दहावीत चालवलं असतं तर आज वॉल दुसऱ्याने खोलले असते. काका दर वेळी शिकायत ऐकायचे, पाटी हातभर लांब धरायचे आणि शोधून काढायचे.

"तू शिकून राहिला का इसरून राहिला बे?"

"दोन्ही, काका."

"लाईन क्लिअर. अंबा, चहा."

एका रविवारी मी पोचलो तेव्हा ते फोनवर होते. त्यांचा मुलगा भूपेंद्र इंदूरला असतो. काकू मला हळू आवाजात म्हणाल्या, "तिकडंच चला म्हणते. घराले कुलूप लावा म्हणते. आन् ह्यायनं त्याले कबूल करून टाकलं."

"काय कबूल केलं?"

काकांनी फोन ठेवला होता. तेच म्हणाले. "मी म्हटलं, ज्या दिवशी ह्या टेबलावर आलेला फॉल्ट मले सापडणार नाही, त्या दिवशी येतो इंदूरले. मर्दाचा शब्द हाय." आणि माझ्याकडे वळून, खुशीत, "शिकायत बोल."

डबा माझ्या हातात होता. त्या दिवशीची खराबी मला फार आवडलेली होती. माइकजवळ दहा हजार ओहमचा रेझिस्टर लागतो. त्याच्यावर तीन रंगाचे पट्टे असतात, भुरा म्हणजे तपकिरी, काळा, नारंगी. मी तो काढून खिशात ठेवला होता आणि तिथे भुरा, काळा, लाल लावला होता. म्हणजे एक हजारचा. काकांना तर हा डोळे मिटून सापडला असता.

"टाळी वाजवतो. दिवा लागत नाही. कालपासून."

त्यांनी पाटी लांब धरली. मग जवळ घेतली. मग खिडकीकडे नेली.

"भुरा, काळा, नारंगी," ते म्हणाले. "हे बरोबर हाय."

घराच्या मागेच त्यांचा संत्र्याचा बगीचा, सगळा जन्म झाडावर तोच रंग पाहण्यात गेलेला, आणि ते लाल पट्ट्याला नारंगी म्हणत होते.

त्यांनी माइक बदलला. टाळी वाजवली. दिवा लागला नाही. कंडेन्सर बदलला. टाळी वाजवली. त्यांनी खूप टाळ्या वाजवल्या, तळहात लाल होईपर्यंत. तो लाल त्यांना कोणता दिसला असेल कोण जाणे.

"ट्रान्झिस्टर गेला असंन," ते म्हणाले. आवाज एक्सचेंजमधला नव्हता. "अंदर डब्यात नवा हाय, आणतो. त्याच्यानं नाही झालं तर मंग, अंबा, भूपेंद्रले फोन लाव."

काकू स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी परातीत पीठ ओढलं.

काका आतल्या खोलीत गेले. भिंत धरून गेले, तेही मी पहिल्यांदाच पाहिलं. मी खिशातला रेझिस्टर काढला, लाल उपटला, नारंगी खोचला. माझा हिशोब सोपा होता. ते नवा ट्रान्झिस्टर लावतील, टाळी वाजवतील, दिवा लागेल, लाईन क्लिअर. इंदूर बोंबलत राहील. मी हात मांडीवर ठेवून सभ्य बसलो.

तेवढ्यात स्वयंपाकघरात काकूंनी भाकर थापायला घेतली.

थप. दिवा लागला. थप. विझला. थप, थप, थप. ज्वारीच्या भाकरीला किती थापा लागतात हे मी कधी मोजलं नव्हतं, पण दिव्याने एकही सोडली नाही. मी पाटीवर दोन्ही हात पसरून दिवा झाकायचा प्रयत्न केला. बोटांमधून उजेड येत-जात राहिला.

काका दारात उभे होते. नवा ट्रान्झिस्टर त्यांच्या चिमटीत होता.

लाल पट्टे नसतील दिसत, पण लागणारा आणि विझणारा दिवा दिसत होता. काकूंनी भाकर तव्यावर टाकली तेव्हा दिवा लागलेला होता, तो तसाच राहिला.

"मी तं काहीच लावलं नाही अजून," ते म्हणाले.

"आपोआप झालं असेल, काका."

"आपोआप." ते खुर्चीवर बसले. "वायरच्या आतली तार बी आपोआप कापल्या जाते का? ब्लेडनं कापल्यावानी? रबराले खरोंच नाही आन् तार अंदर सरळ कटली. बत्तीस वर्षं तारा पाहिल्या मी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवशी समजलं."

"मग बोलले का नाही?"

ते खिडकीच्या जाळीकडे पाहत राहिले. "बोललो असतो तं तू आला असता का परत?"

मग त्यांनी हात पुढे केला. मी पाटीतला नारंगी परत उपटला आणि दोन्ही रेझिस्टर त्यांच्या तळहातावर ठेवले. ते बराच वेळ बघत होते.

"कोणता नारंगी?"

"डावीकडचा."

"मले दोन्ही सारखेच दिसून राहिले. दिवाळीपासून." हे ते इतकं हळू म्हणाले की माइकलाही ऐकू गेलं नसतं.

स्वयंपाकघरातून काकू आल्या, पिठाचे हात पदराला लागू नयेत म्हणून लांब धरलेले. "लावू का मंग फोन भूपेंद्रले?"

मला वाटलं, आता संपलं. टेबल भंगारात जाईल, घराला कुलूप लागेल, आणि मी रविवारी बसमध्ये बसायचं कारण शोधत सौसरच्या स्टँडवर उभा राहीन.

"काहून लावते?" काका म्हणाले. "फॉल्ट सापडला ना मले."

"कुठं होता?"

"सर्किटात नोयता." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हा बसला हाय पहा."

काकूंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं, जसा फॉल्ट पाहतात. "जेवून जा," त्या म्हणाल्या.

जाताना मी नारंगी जागेवर खोचला, काकांनी डबा माझ्या हातात दिला आणि ताकीद दिली. "आता नकली फॉल्ट आणला तं पाय ठेवू देणार नाही घरात. खरी शिकायत असंन तरच यायचं."

तो आठवडा मला लांब गेला. सर्किट चालत होतं, ते मी बिघडवू शकत नव्हतो. सकाळी वॉल, संध्याकाळी टाळी. दिवा लागला की मी त्याच्याकडे पाहायचो आणि तो माझ्याकडे. मग जेवायचो आणि टाळी वाजवून झोपायचो.

रविवारी मी रिकाम्या हाताने बसमध्ये चढलो.

"मॅगी कुठं हाय?" कुलदीप म्हणाला.

"संपली."

काका टेबलामागे होते. इस्त्रीचा शर्ट. त्यांनी माझे हात पाहिले, मग माझ्या मागे दाराकडे पाहिलं, डबा मागून चालत येत असल्यासारखं.

"काही नाही आणलं?"

"नाही."

"शिकायत बोल," ते म्हणाले. नियम म्हणजे नियम.

मी उभा राहिलो. वाटेत मी दोन-तीन विनोद जुळवून आणले होते. ते तोंडातून निघेनात.

"टाळी वाजवतो. दिवा लागतो," मी म्हटलं. "बाकी काही होत नाही."

"कवापासून?"

"आई गेली तेव्हापासून."

त्यांनी मान हलवली, जशी एक्सचेंजमध्ये लाईनचा नंबर ऐकून हलवत असतील. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याने काही फरक पडत नाही हे आता आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"ही टेबलावरची शिकायत नाही," ते म्हणाले. "साइटवर येऊन पाहा लागन. बसनं किती येळ लागते सौसरले?"

"फार नाही. मी घ्यायला येतो."

"मले रस्ता माहीत हाय. तुह्या जन्माच्या पहिले तारा टाकल्या मी तिकडं." मग ते म्हणाले, "पण ये घ्यायले. बसची पाटी वाचा लागते."

कोणत्या दिवशी ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. संध्याकाळी घरी आलो, टाळी वाजवली, दिवा लागला. त्या उजेडात मी आईची खोली झाडली. दुसरा कप शोधला, त्याच्यात मुंग्या होत्या, तो धुतला. खुर्ची एकच आहे म्हणून कमलमावशींकडे मागायला गेलो.

"खुर्ची? तुले?" मावशी दारात आल्या. "कोण येऊन राहिलं बाप्पा?"

"लाइनमन."

"लाइनमन?" त्या म्हणाल्या. "फोनची लाईन तं नाही तुह्या घरी."

"म्हणूनच येऊन राहिला, मावशी."