गिऱ्हाइकासमोर

दादा म्हणवून घेणारा तो माणूस येऊन आठवडा होत आला, तरी इस्त्रीवालीची जीभ त्याला मनापासून दादा म्हणायला काही वळेना. मिसरूड फुटायच्या आत घर सोडून गेलेला भाऊ चाळीसेक वर्षांनी टक्कल आणि सुटलेलं पोट घेऊन दारात उभा राहतो, आणि आपण लगेच गळ्यात पडायचं? मग तर कुणीही उठावं आणि यावं. वडिलांमागे दुकान तिचं, मागच्या दोन खोल्या तिच्या, आणि रक्ताचं म्हणावं असं जगात कुणी उरलेलं नाही. अशा बाईच्या दारात अचानक भाऊ उगवला, तर त्याला बहीण हवी आहे की छप्पर, एवढं तरी बघायला नको? तिनं त्याला दुकानातल्या बाकड्यावर झोपायला जागा दिली होती, पण आतल्या दाराला न विसरता कडी घालत होती.

आठवणी मात्र त्याला हव्या तेवढ्या येत होत्या. वडिलांची कोळशाची इस्त्री आणि तिची राख झाडताना येणाऱ्या शिंका. थंडीत नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्याला पाठ टेकून दोघांनी केलेला अभ्यास. गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायच्या आधी ते अंगात चढवून गल्लीत मारलेली ऐट. डॉक्टरीणबाईंचा रेशमी झगा तिच्या पायांत घोळायचा, हेसुद्धा तो सांगायचा.

सगळं खरं होतं. ऐकताना तिला भरून यायचं आणि त्याचाच तिला राग यायचा. कारण गोम अशी होती, की हे सगळं तिनं स्वतःच गल्लीभर करून ठेवलं होतं. कपडे न्यायला आलेलं गिऱ्हाईक घटकाभर टेकलं, की बाईंची टकळी सुरू. आमच्या लहानपणी काही नव्हतं, पण कशाची कमी वाटली नाही वगैरे वगैरे. ज्याला कान होते त्याला तिचं लहानपण तोंडपाठ होतं. चहाच्या दुकानात चार दिवस बसून कुणीही तिचा भाऊ होऊ शकला असता.

त्यातून मधली वर्षं कुठे काढलीस म्हणून विचारलं, की स्वारी इस्त्रीच्या वायरीचा पीळ काढत बसायची.

शेवटी तिनं सापळा लावला. शेजारची शिवणवाली काकू पडदे इस्त्रीला घेऊन आली होती आणि नेहमीप्रमाणे स्टुलावर ठाण मांडून बसली होती. साक्षीला कुणीतरी असलेलं बरं, असा इस्त्रीवालीचा हिशेब.

"दादा, आपल्या अंगणातला झोपाळा आठवतो का रे? त्या मोठ्या झाडाला टांगलेला?"

अंगणच नव्हतं, तर झाड कुठलं असणार? दुकानामागे एक मोरी आणि कपडे वाळत घालायची दोरी, एवढाच काय तो त्यांचा बगीचा होता.

पडद्याची घडी घालता घालता त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग काकूकडे. "न आठवायला काय झालं?" तो म्हणाला. "एका बाजूची दोरी आखूड होती. तू सारखी घसरायचीस."

काकूला भारी गंमत वाटली. इस्त्रीवालीला मात्र चोर पकडल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो कुठेच सापडेना. आठवडाभर आपण याच्यावर डोळे वटारले, आणि आतून मात्र हा दादाच निघावा म्हणून जीव टांगून बसलो होतो, हे तिला आत्ता कळलं. भाऊ दुसऱ्यांदा गेला होता.

काकूची पाठ वळताच तिनं इस्त्री बंद केली आणि बाकड्याखालची त्याची पिशवी ओढून त्याच्या पायाशी टाकली.

"आपल्याकडे झोपाळा नव्हता. ऊठ आणि चालायला लाग."

"नव्हताच."

"मग हो कशाला म्हणालास?"

त्याला खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. "अगं, गिऱ्हाईक बसलं होतं ना."

तिच्या डोळ्यांपुढे लहानपणचा एक दिवस आला. डॉक्टरीणबाई दारात, झग्याच्या घेराला चिखल, वडिलांचा चेहरा पांढराफटक, आणि ती एवढीशी पोर धडधडीत सांगतेय, की दोरीवरून कुत्र्यानं ओढला. मागे दादा मान डोलावतोय आणि म्हणतोय, "काळं होतं." तो त्यांचा दोघांचा नियम होता. गिऱ्हाइकासमोर एकानं काही सांगितलं, की दुसऱ्यानं मान हलवायची आणि वर एक बारीकसा तपशील जोडायचा. खरंखोटं काय ते नंतर, दोघांत. तिनं सगळं लहानपण गल्लीला वाटलं होतं, पण हे कधी सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकांना हे कोण सांगणार? न सांगून सांगून ती स्वतःच ते विसरली होती.

"आता कुणी नाही म्हणून सांगतो," तो खाली बघत म्हणाला. "मी तुरुंगात होतो. सुटूनही बरीच वर्षं झाली, पण इकडे यायला तोंड नव्हतं."

तेवढ्यात काकू विसरलेला चष्मा न्यायला परत आली, आणि आलीच आहे तर म्हणून त्याला विचारती झाली, "काय हो, इतकी वर्षं होता तरी कुठे?"

त्याचा हात वायरीकडे गेला.

"जहाजावर होता," इस्त्रीवाली म्हणाली. "कप्तानाचे कपडे याच्याकडे असायचे."

काकूनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं हळूहळू मान डोलावली.

"पांढरे," तो म्हणाला. "खळ फार लागायची."

इस्त्रीवालीनं वाकून त्याची पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.