होकाराचे पोस्टर

विलीनीकरणाच्या काळातली पोस्टरे भिंतींवर टिकली नाहीत. टिकली ती कपाटांत. युद्धात कागदाचा दुष्काळ होता, पण शेजारच्या मोठ्या देशाने आमचा छोटा देश गिळल्यावर पोस्टरे मात्र सारखी नवी लागत होती. लोक ती खळ ओली असतानाच अलगद सोडवून घरी आणत, वाळवत आणि छापील बाजू खाली करून कप्प्यांच्या तळाशी अंथरत. म्हणून मी माझ्या संग्रहासाठी जुन्या फर्निचरची दुकाने हिंडते.

"लोक कपाट नेतात, ताई, आणि तुम्ही त्याचं अस्तर नेता," एक दुकानदार मला नेहमी चिडवतो. "उद्या कपाटं लाजून दार उघडेनाशी होतील."

त्या सकाळी त्याने थट्टा केली नाही. एक कप्पा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "हेच शोधत होतात ना?"

पोस्टरवर माझे बाबा होते. कमरेपासून वर, किंचित हसणारे, उजवा हात उंच केलेला, तळवा उघडा. मागे नुसते निळे आकाश. खाली दोन शब्द : ‘माझा होकार’.

मी तीन वर्षांची असताना युद्ध संपले, मोठ्या देशाचे सैनिक निघून गेले आणि आमच्याच गल्लीतली माणसे बाबांना घरातून घेऊन गेली. पोस्टरवरचा गद्दार म्हणून. बाबा परत आले नाहीत. नेणारे कोण होते हे आईने कधी सांगितले नाही. ती एकच गोष्ट सांगायची, आणि मला ती पाढ्यासारखी पाठ होती : चेहरा ह्यांचा, पण हात ह्यांचा नाही. दुसऱ्याच कुणाचा कापून चिकटवलाय.

मी रसायनशास्त्र शिकले आणि छपाईच्या शाईच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, नोकरी केली. कागद आणि शाई ओळखायला लागले, तशी पोस्टरे जमवायलाही लागले. शेकड्यांनी मिळाली. हे एक मिळत नव्हते, त्याला कारण आई. ती जिथे दिसेल तिथून ते मागून, विकत घेऊन, प्रसंगी फाडून आणायची आणि शेगडीत घालायची. "तू जमव, मी जाळते," म्हणायची. "एका घरात दोन धंदे. कुठला तरी चालेलच."

आता शहराचे संग्रहालय विलीनीकरणावर कायमचे दालन उघडत होते आणि माझा सगळा संग्रह घेणार होते. मी संचालकांना आधीच सांगून ठेवले होते, की हे पोस्टर मिळाले तर त्यातला हात बनावट आहे हे मी सिद्ध करून देईन, आणि पाटीवर तसे लिहायचे. त्यांनी दालनात मधली भिंत त्यासाठी मोकळी ठेवली. बाबांवरचा डाग तिथे, सगळ्यांसमोर, पुसला जाणार होता.

मी पोस्टर प्रयोगशाळेत नेले आणि भिंगाखाली धरले. छापलेला फोटो ठिपक्यांचा बनलेला असतो. फोटोत काही जोडले, की जोड लपवायला कुंचल्याने रंग भरावा लागतो, आणि रंग भरलेल्या जागी ठिपके सगळे एका मापाचे, मेल्यासारखे दिसतात. मी खांद्यापासून मनगटापर्यंत ते शोधले. नव्हते. बाहीची चुणी खांद्यावरून सलग वर गेली होती. उजेड चेहऱ्यावर ज्या बाजूने पडला होता त्याच बाजूने तळव्यावर पडला होता. मी भिंग पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

हात बाबांचाच होता.

मेलेले ठिपके होते, पण आकाशात. सगळे आकाशच कुंचल्याने रंगवलेले होते. आणि रंगवणाऱ्याने घाई केली होती. बाबांच्या कोपराजवळ, निळ्या रंगाखाली, पुसट सावल्या राहून गेल्या होत्या. बोटांच्या. चार वेगवेगळ्या हातांच्या.

मी पोस्टर घेऊन आईकडे गेले. आई तिसऱ्या मजल्यावर राहते. गुडघे गेल्यापासून ती खाली उतरत नाही. तळमजल्यावरचे सुतारकाका तिचे सामान वर आणून देतात. मी टेबलावर पोस्टर उलगडले. आईने ते लगेच ओढून घेतले नाही, याचे मला नवल वाटले.

"हात बाबांचाच आहे, आई. आणि आकाशाच्या रंगाखाली आणखी चौघांची बोटं आहेत."

"बरं."

"बरं काय? तू मला आयुष्यभर..."

"आयुष्यभर सांगितलं. तू आपली शास्त्रीणबाई, मला वाटलं होतं शाळेतच पकडशील." तिने चष्मा चढवला. "दुधाची रांग होती ती. फोटोवाला स्टुलावर उभा राहिला आणि म्हणाला, हात वर करा, जास्तीचं दूध मिळेल. केले. अख्ख्या रांगेने केले. तुला महिनाभर दूध नव्हतं."

"मग बाकीचे कुठे गेले?"

"रांगेचं पोस्टर कोण लावतं? ह्यांचा चेहरा बरा होता. बाकीचे रंगाने बुजवले."

"आणि बाबांना नेलं ते..."

"ते बाकीचेच," आई म्हणाली. "कागदावर नसलेले. पुढे सुतारकाका होते."

मला उठून उभे राहावेसे वाटले आणि उभे राहून करायचे काय ते कळेना. "आणि तू त्यांच्या हातून भाजी घेतेस?"

"तिसरा मजला आहे, बाई. तुझ्या हातून आठवड्यातून एकदाच येते."

तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. दार नेहमीप्रमाणे नुसते लोटलेले होते. सुतारकाका दोन पिशव्या घेऊन आत आले. "वहिनी, बटाटे आज नुसते दगड आहेत, पण..." त्यांना टेबल दिसले. पिशव्या त्यांनी हळूच जमिनीवर ठेवल्या.

"हे अजून शिल्लक आहे होय," ते म्हणाले.

"हिला आकाशात बोटं सापडली आहेत," आई म्हणाली. "चार जणांची."

काका टेबलाजवळ येऊन पोस्टरवरच्या आकाशावर वाकले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारले, "कुणाची ते कळतं का ग त्यावरून?"

मला हो म्हणायचे होते. त्या माणसाला निदान एवढ्या क्षणापुरते घाबरलेले बघायचे होते. पण कळत नव्हते, हे खरे होते. "नाही," मी म्हणाले. "हात आहेत एवढंच सांगता येतं."

त्यांनी श्वास सोडला. तो मला ऐकू आला.

"एक माझा आहे," आई म्हणाली. "हा, कोपराच्या सर्वांत जवळचा. मी ह्यांना चिकटून उभी होते."

"वहिनी, कशाला आता?"

"तुम्ही सगळे दारात आलात तेव्हाच सांगायला हवं होतं. मीही केला, तुम्हीही केला, चला सगळेच. ही कडेवर होती. मी गप्प राहिले." तिचा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा होता. "आणि ह्यांनी जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुद्दाम. पाहिलं असतं तर तुम्ही मलाही नेलं असतं." ती माझ्याकडे वळली. "ह्यांच्यासाठी नव्हते ग मी जाळत. काढ पेन. तुझ्या पाटीवर लिही."

मी लिहिले. फोटो खरा आहे. हात त्याचाच आहे. आकाशाच्या रंगाखाली आणखी चार हात बुजवलेले आहेत. त्यांतला एक त्याच्या पत्नीचा.

"आणि बाकीचे तीन?" मी विचारले.

आई काकांकडे बघून म्हणाली, "माझा मी सांगितला. त्यांचं त्यांनी बघावं."

काका दोन्ही हात खिशात घालून उभे होते. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होते. मी पेन कागदावर टेकवून थांबले. मला घाई नव्हती.

शेवटी ते वळले आणि उंबऱ्यापाशी थबकले.

"दार ओढून घेऊ का, वहिनी?"

"घ्या," आई म्हणाली.

त्यांची पावले शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आली. मग मी लिहिले : बाकीचे अज्ञात.