राघवचं नाव उचललं

या मंडळी, पुढं सरका, मागं कोपरा धरून बसू नका. हिंदी मुलखातल्या आपल्या गावची, फूलबाग मैदानातली एक गोष्ट ऐकवायची आहे.

त्या तीन डिसेंबरला शामलाताईंना सकाळपासून चैन म्हणून नव्हतं. चहा केला, प्यायला विसरल्या. माधवगंजातल्या दत्ताला हात जोडून सभेला निघाल्या नि अर्ध्या वाटेतून परतल्या. चिठ्ठी घरीच राहिली होती. चिठ्ठीवर धाकट्या भावाचं नाव. चौऱ्याऐंशी साली राघव मुलाखतीला निघाला, गाडी बदलायला भोपाळला उतरला, आणि त्याच रात्री तिथं विषारी वायू सुटला. ना देह मिळाला, ना कागद. म्हणून कुठल्याच यादीत तो नाही.

फूलबागेत दरवर्षी स्मरणसभा भरते, गेलेल्यांची नावं वाचतात. सभा चालवतात समरजीत सर, आणि यंदा वाचणार होती शामलाताईंची नात, अवंतिका.

"एवढं एक नाव शेवटी घाल गं."

"आजी, मैंने पूछा था. समरजीत सर म्हणाले, लिस्ट में जो है वही. आता मला टेन्शन नको ना देऊ!"

"चाळीस वर्षं मी घेतेय ते. तुला एका सकाळचं जड झालं?"

नावं वाचून संपली. राघव आला नाही. समरजीत सरांनी दोन मिनिटांचं मौन पुकारलं. सगळे स्तब्ध; शामलाताईंची बोटं मात्र पदर पिळत होती. जन्मभर कीर्तनात बसलेली बाई! बुवांनी पद अर्ध्यावर सोडलं की श्रोत्यांनी उचलायचं, हे अंगात भिनलेलं. ती शांतता त्यांना सोडलेल्या पदासारखी वाटली, आणि उचललं की त्यांनी!

"राघव भालचंद्र मुळे!"

माना गर्रकन वळल्या.

"अम्माजी, मौन है!" समरजीत सर दबक्या आवाजात म्हणाले. शामलाताईंना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

पण माइकपाशी कोण होतं? आजीच्या मांडीवर बसून, टाळ्या पिटत पदं उचलायला शिकलेली पोर. तिनं एकदा सरांकडे पाहिलं, एकदा आजीकडे.

"राघव भालचंद्र मुळे," अवंतिका म्हणाली. आवाज कापला, पण शब्द मोडला नाही.

समरजीत सरांनी तिच्यापुढची यादी आपल्याकडे घेतली. मग खिशातलं पेन काढून शामलाताईंपुढं हात पसरत म्हणाले, "चिठ्ठी दीजिए, अम्माजी."

तर मंडळी, उद्या देवापाशी दिवा लावाल तेव्हा त्या गाडी बदलायला उतरलेल्या पोराचंही नाव घ्या. पद सोडलंय मी. उचला.